किल्ली माझ्याकडं हाय

आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या मी कित्येक वर्षं सांभाळल्या, आणि हे मी फुशारकी म्हणूनच सांगते. कुणाला खटकलं तर खटकू दे. ज्या बाईला लहानपणी विहिरीवर दुसरं कुणी पोहऱ्यानं पाणी ओतेपर्यंत घागर घेऊन ताटकळावं लागलं, तिच्या घरातल्या खुंटीला अख्ख्या वरच्या आळीच्या किल्ल्या लटकत असतील, तर तिनं ते मान खाली घालून का सांगावं?

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. रान खडकाळ, आणि पाऊस आला तर तोंड दाखवून जाणारा. दसरा झाला की ट्रक येतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली थोडी पोरं आणि आमच्यासारखी चार घरं. बाकीच्या दारांना गुढीपाडव्यापर्यंत कुलपं. जाताना किल्ली मागे राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. आणि ती नुसती ठेवायची नसते. जिच्याकडे किल्ली, तिनं अधूनमधून ते घर उघडायचं, झाडायचं, वाळवी लागली का बघायचं, दिवाळीला दारात पणती लावायची. माणसं परत आली की त्या घरात चूल पेटते, आणि त्या चुलीवरचा पहिला चहा किल्लीवालीचा. ती घोट घेत नाही तोवर घरातलं कुणी कपाला हात लावत नाही.

मी बुद्धवस्तीतली. शिकले चौथीपर्यंत, नवरा गवंडीकाम करायचा. तालुक्याबाहेरच्या एका आरोग्य प्रशिक्षण केंद्रानं गावोगावच्या बायका निवडून शिकवायला घेतल्या, त्यात आमच्या गावातून माझी निवड झाली. वरच्या आळीनं नाकं मुरडली. हिच्या हातची गोळी कोण खाणार, असं तोंडावर बोलले. मीही काही गरीब गाय नव्हते. म्हटलं, नका खाऊ, ताप तुमचाच हाय. मग एकदा वरच्या आळीतली एक सून अडली, ओढ्याला पाणी आलं होतं, गाडी येईना, आणि सासूलाच माझ्या दारात यावं लागलं. पोरगा झाला, आई वाचली. त्या वर्षी दसऱ्यानंतर ती सून ट्रकमध्ये चढण्याआधी माझ्याकडे आली. आम्हाला काही द्यायचं तर वरून टाकायची पद्धत होती. तिनं माझा हात धरला, तळव्यावर किल्ली ठेवली आणि माझी बोटं मिटली. सासूही तोडीला निघालेली, ती बघत उभी होती. पुढच्या वर्षी तिच्या जावेनंही किल्ली दिली, मग शेजारणीनं, मग सगळ्या आळीनं.

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्या केंद्रावर परदेशातून काही नर्सबाया शिकायला आल्या. खेड्यातली कामं कशी चालतात ते बघायला एकेकीला एकेका गावात राहायला पाठवलं, आणि माझ्या वाट्याला आली तिमोरची पोरगी. केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला नकाशात तिचा मुलूख दाखवला. तो त्यांच्या नखाखाली झाकला गेला. तिथं इंडोनेशियाचं राज्य होतं, आणि त्याच्याखाली राहायचं की स्वतंत्र व्हायचं, हे त्या पावसाळ्यात लोकांना मत देऊन सांगायचं होतं.

पोरगी ठेंगणी, सावळी, कुरळ्या केसांची. गावानं तिला एकदा बघितलं आणि ठरवून टाकलं, की ही तर आपल्यातलीच दिसते, परदेशी कसली! ती मला आक्का म्हणायला लागली आणि महिनाभरात कामापुरती मराठी बोलायला लागली. बोलायची तीही माझ्यासारखीच, हाय-न्हाई करत. तिनं आल्या आल्या पिशवीतून तिच्या डोंगरातली कॉफी काढली आणि माझ्या चुलीवर उकळून मला दिली. दूध नाही, काही नाही. मी एक घोट घेतला आणि विचारलं, हे कुठल्या दुखण्यावर देतात? ती हसून हसून खाली बसली. पण रोज सकाळी तिच्यासाठी ती व्हायचीच, आणि मीही अर्धा कप प्यायला लागले, उगाच तिला एकटं वाटू नये म्हणून.

तिला घरी आई तेवढी होती. बाप लहानपणीच गेलेला. आईच्या घराला लागून एका शेजारणीचं घर होतं. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, आणि फोन असायचा तो शेजारणीकडे. आम्ही बाजारच्या दिवशी जीपनं पाथर्डीला जायचो आणि तिथल्या एसटीडी बूथवरून ती त्या नंबरावर बोलायची. ऑगस्टच्या शेवटी बोलली ती शेवटची. आईनं मत दिलं होतं. चांगलं लुगडं नेसून उजाडायच्या आत रांगेत उभी राहिली होती, असं तिनं मला सांगितलं. लुगडं म्हणजे त्यांच्यात जे काही नेसतात ते, पण तिनं शब्द लुगडंच वापरला. बूथच्या बाहेर येऊन तिनं माझे दोन्ही हात धरले आणि भर बाजारात फुगडीचा एक फेरा घातला. एक गोष्ट मात्र जीपमध्ये बसल्यावर सांगितली. शेजारणीचा मुलगा इंडोनेशियाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीत गेला होता.

निकाल लागला. लोकांनी स्वातंत्र्य मागितलं होतं. आणि मग त्या टोळ्यांनी गावंच्या गावं पेटवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई रेडिओ ऐकून तिला सांगायच्या, तिच्याकडून मला कळायचं. घरं जाळली, माणसं मारली, हजारो लोकांना ट्रकमध्ये कोंबून सरहद्दीपलीकडे नेलं, बाकीचे डोंगरात पळाले. आई यातल्या कुठल्या माणसांत होती, की कुठल्याच नव्हती, ते सांगणारं कुणी नव्हतं. फोन लावला की नुसता टूं टूं आवाज. बूथवाला भला माणूस, तो स्वतः पुन्हा पुन्हा लावून बघायचा.

त्याच महिन्यात आमच्याकडेही मतदान होतं. मी शाळेत जाऊन शिक्का मारला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले. तिनं माझ्या बोटावरची शाई बघितली, पिठाचा हात तसाच धरला आणि विचारलं, "आक्का, आता तुमचं घर जाळतील?"

मी म्हटलं, "न्हाई गं बाई. इथं हरलेला चार दिस तोंड लपवतो, अन् पाचव्या दिशी चहा प्यायला येतो." ती हसली नाही. तवा तापून धूर यायला लागला तरी तिनं हात सोडला नव्हता.

तिच्याबरोबरच्या बाकीच्या नर्सा आपापल्या देशाला परत गेल्या. हिला जायला जागाच नव्हती. केंद्रवाल्यांनी तिथं खोली देऊ केली, ती म्हणाली आक्काकडेच राहते. गावात कुणीतरी पारावर विचारलं, ही पाहुणी किती दिवस? मी कमरेवर हात ठेवून उत्तर द्यायच्या आधीच त्या अडलेल्या सुनेची सासू, जिनं पूर्वी माझ्या सावलीला नाक मुरडलं होतं, ती म्हणाली की माहेरी आलेल्या पोरीला असं विचारतेत व्हय? आणि संध्याकाळी तिनं पायलीभर बाजरी पाठवली. मग कुणी शेंगा दिल्या, कुणी हुलगे, कुणी जुनी पण धड गोधडी. त्या वर्षी आमच्या गावात कुणाच्याच कणग्या भरलेल्या नव्हत्या. माझ्या गावाचे वाभाडे मी स्वतः खूप काढलेत, अजूनही काढते. पण त्या दिवसांतलं गाव आठवलं की ऊर भरून येतो.

पोरगी माझ्याबरोबर घरोघर हिंडायची. बाळांची वजनं करायची, बाळंतिणींच्या अंगाला तेल लावायची. काम करताना ठीक असायची. रिकामी बसली की तिचे डोळे रस्त्याकडे लागायचे.

दसरा झाला. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ झाली आणि ट्रक आले. हे तिला आधी सांगायला हवं होतं, पण आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं सुचलंच नाही. ती खालच्या वस्तीवर बाळांची वजनं करायला गेली होती. परत आली तर पारापाशी ट्रक उभे. बाप्ये वर चढून गोधड्या, पातेली, कोयते रचतायत. बायका कोंबड्यांचे पाय बांधतायत, शेरडं वर ओढतायत. पोरं गाठोड्यांवर बसलेली. म्हाताऱ्या ट्रकच्या फळीला धरून रडतायत, आणि मुकादम ओरडतोय, आटपा, आटपा. एकामागून एक दाराला कुलूप.

तिच्या हातातला वजनकाटा पडला. ती धावत ट्रककडे गेली आणि कडेला बसलेल्या एका पोराला तिनं खाली ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि ट्रकच्या आड जमिनीवर बसली. पोरगं घाबरून रडायला लागलं. मी पळत पोचले तर ती मला विचारत होती, "कोण आलं, आक्का? कोण हाकलतंय यांना?"

मला तिथंच रडू कोसळलं. मी तिच्याजवळ बसून समजावायला लागले, की अगं, कुणी हाकलत न्हाई, पोटासाठी ऊस तोडायला चाललेत, दर साली जातेत, परत येतेत. ती ऐकेना. माणसं भांडीकुंडी घेऊन ट्रकमध्ये चढतात ती परत येत नाहीत, हेच तिनं डॉक्टरीणबाईंकडून ऐकलेलं. मुकादमाला घाई झाली होती, पण त्यानंही मान फिरवली आणि बिडी पेटवली.

ते पोरगं म्हणजे मी सोडवलेलं पहिलं पोरगं, त्या अडलेल्या सुनेचं. त्याची आई ट्रकमधून उतरली. मला वाटलं आता ही चिडणार. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, आणि दरसालासारखी माझ्या हातात न देता त्या पोरीच्या तळव्यावर ठेवली. तिची बोटं मिटली आणि म्हणाली, "आमी येतो परत. किल्ली हाय तुझ्याकडं, मग न येऊन कुठं जाऊ?"

पोरीनं मुठीकडे बघितलं. मग हळूच पोराला सोडलं. ट्रक धुरळ्यात दिसेनासे झाले तरी ती पारावर मूठ मिटून बसली होती.

त्या दिवसापासून तिला ते घर म्हणजे कामच झालं. मी सगळी घरं झाडायचे तेव्हा ती आपलं एक घर झाडायची, तेही रोज. अंगण सारवायला शिकली. कुलूप लावल्यावर ओढून बघायची. मी चेष्टा करायचे, की बाई, तिथं एक फुटकी कणगी अन् दोन मडकी, चोरानं आत जाऊन काय रडायचं? ती म्हणायची, व्हय व्हय, आणि पुन्हा ओढून बघायची.

आम्ही बौद्ध, लक्ष्मीपूजन आमच्या घरी नाही. पण दिवाळीला बंद दारांत पणत्या लावायचं काम माझंच. त्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून लावल्या. तिन्हीसांजेची वेळ, आळीत आम्ही दोघी आणि म्हातारी माणसं. मी तिला बोलता बोलता सांगितलं, की या दारात मला लहानपणी उभं राहू देत नव्हते, त्या ओट्यावर मी हात टेकला म्हणून तो धुऊन काढला होता. ती थांबली. तिनं विचारलं की मग त्यांच्या दारात दिवा कशाला लावतेस, तुला राग येत न्हाई का?

मी म्हटलं, "लई येतो. पण किल्ली घरवालीनं हातात दिलीया ना? मग घर जपायचं. भांडायचं ते ती परत आल्यावर, समोरासमोर. रिकाम्या घराशी काय भांडायचं?"

सगळी दारं झाल्यावर तिच्याकडे एक पणती उरली. ती तिनं आळीच्या टोकाला, जिथं कुठलंच दार नाही, तिथल्या दगडावर ठेवली. ही कुणाची, असं मी विचारलं नाही. वारा होता म्हणून पदराचा आडोसा धरला, एवढंच.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाई स्वतः जीप घेऊन आल्या. त्या उतरताना पोरगी दारातच होती. बाईंच्या तोंडाकडे बघून तिनं भिंतीला हात टेकला. बाई लांबूनच ओरडल्या, की आई जिवंत आहे. सरहद्दीपलीकडच्या छावणीत होती, तिथल्या एका चर्चच्या बायांनी शोधून काढली, बाहेरच्या देशांची फौज उतरून टोळ्या पळाल्या, तशी आता गावी परत आणलीय. घर राहिलेलं नाही. चार काळ्या भिंती आहेत. केंद्रावरून तिचं आईशी बोलणं झालं तेव्हा मी शेजारीच उभी होते. भाषा मला एका अक्षरानंही कळत नव्हती, पण आई काय विचारत होती ते मला कळलं. जगातल्या कुठल्याही आईनं तेच विचारलं असतं, जेवतेस का नीट म्हणून.

केंद्रानं तिला तिथंच नोकरी देऊ केली होती. इथं राहा, आईलाही पुढेमागे आणू, असं बाई म्हणाल्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी तर तिच्यासाठी मुलगासुद्धा बघून ठेवला होता. मी तोंड उघडलं असतं तर राहा असंच बोलले असते. ती म्हणाली, छप्पर नसलं तरी आई तिथं हाय. जायच्या दिवशी तिनं ते घर शेवटचं झाडलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. एसटीत बसेपर्यंत ती रडली नाही आणि मीही नाही. बस हलल्यावर दोघींनीही कसर भरून काढली.

पाडव्याच्या आधी माणसं परत आली. ती सून ट्रकमधून उतरून पोरीलाच शोधायला लागली. मी सांगितलं तेव्हा तिनं चूल पेटवली, दोन कप गुळाचा चहा केला. एक मला दिला. दुसरा थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग आपल्या पोराला पाजला.

पुढच्या वर्षी पुन्हा ट्रक गेले, पुन्हा खुंटी भरली. दिवाळीच्या दिवसांत गावातल्या दुकानात नवा फोन आला होता, आणि दुकानदार मला बोलवायला धावत आला, की तुझी परदेशातली पोरगी बोलतीया. मी हातातलं पीठ न धुताच पळाले.

तिची मराठी थोडी गंजली होती, पण आक्का अजून तसंच म्हणायची. तिनं जे सांगितलं ते असं. तिची आई छावणीत होती, तिथंच ती शेजारीणही होती. आईला परत आणणारा ट्रक निघाला तेव्हा शेजारणीची यायची हिंमत होईना, कारण तिच्या मुलानं त्याच गल्लीतली घरं पेटवली होती. आईचं घरसुद्धा. तिनं आपल्या घराची किल्ली आईच्या हातात कोंबली आणि ती मागे राहिली. आई गावी आली तर अख्खी गल्ली काळी पडलेली आणि शेजारणीचं एकच घर धड उभं. पोरगी पोचली तेव्हा मायलेकी त्या धड घराशेजारी ताडपत्री टांगून राहायला लागल्या. आणि एक दिवस गल्लीतली माणसं रॉकेल घेऊन आली. त्यांचंही सगळं जळालेलं, त्यांची माणसं मेलेली. त्यांना ते घर डोळ्यांसमोर नको होतं.

मी विचारलं, मग?

"मी दारात उभी राहिले, आक्का. म्हटलं, किल्ली माझ्याकडं हाय. भांडायचं तर ती आल्यावर भांडा. रिकाम्या घराशी काय भांडताय?"

माणसं लगेच गेली नाहीत, असं ती म्हणाली. बराच वेळ उभी राहिली, तिला नाही नाही ते बोलली. पण गेली. मग ती ते घर झाडत राहिली, कुलूप ओढून बघत राहिली. आणि गेल्या आठवड्यात शेजारीण परत आली होती, मुलाशिवाय, एकटी. गल्लीत कुणी तिच्याशी बोललं नाही. पोरीनं तिच्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, की चूल पेटव आणि पहिला कप मला दे, माझ्या आधी कुणी प्यायचं नाही. म्हातारीनं विचारलं, ही कुठली रीत?

"म्हटलं, आमच्या गावची हाय," पोरगी म्हणाली. "तिनं कॉफी केली. मी प्याले, मग आई प्याली, मग ती."

"अन् भांडलीस का तिच्याशी?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "कॉफी प्याल्यावर. लई भांडले."

मी दुकानात सगळ्यांदेखत मोठ्यानं हसले आणि मोठ्यानं रडले. दुकानदारानं विचारलं काय झालं, तर त्याला म्हटलं, तुला काय कळायचंय, आमच्या गावाची रीत सातासमुद्रापार गेली. तो म्हणाला, म्हणजे काय? मी त्याला पहिल्यापासून सांगायला बसले. मग आठवलं की तिन्हीसांज व्हायला आली होती आणि वरच्या आळीत पणत्या लावायच्या राहिल्या होत्या.